पेवात बघ

या ग्रुपवरचे जुने लोक मला ओळखतात. कुणी चिंचेखाली पांढरी बाई दिसल्याचं लिहिलं की खाली पहिली कमेंट माझी असते — आदल्या रात्री झोप किती झाली होती? ताप होता का? थायरॉइड कधी तपासलंय? एका दादांनी वैतागून मला ‘ग्रुपला लागलेली साडेसाती’ म्हटलं होतं. त्यांचा राग मी समजू शकते. पण मी धाराशिवला मनोविकार विभागात नर्स आहे, अकरा वर्षं झाली. ज्यांना नसलेली माणसं दिसतात, नसलेले आवाज ऐकू येतात, त्यांच्यातच माझा दिवस जातो. त्यामुळं भुताखेताची गोष्ट वाचली की मला आधी केसपेपर दिसतो.

तर आज मीच लिहायला बसलेय. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या.

आधी हे सांगून टाकते की मी ख्रिस्ती आहे. नुसती जन्मानं नाही, रोज गुडघे टेकणारी. आणि औषधांवर माझा पूर्ण भरवसा आहे. या दोन गोष्टी एकाच बाईच्या अंगात कशा राहतात, असं मला दोन्हीकडचे लोक विचारतात. दवाखान्यातले हसत विचारतात, चर्चमधले काळजीनं विचारतात. मला त्यात अडचण कुठंय तेच कळत नाही. ज्यानं काळीज केलं त्यानंच मेंदू केला. काळजाला गोळी चालते, मग मेंदूनं काय घोडं मारलंय?

आता शमुवेलबद्दल. माझा धाकटा भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आमचं गाव लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या पलीकडं. भूकंपात आमचे वडील गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि शमुवेल दोन. जुनं गाव दगडांत तसंच पडून राहिलं आणि माळावर नवं गाव बसलं. आई आणि शमुवेल तिथं राहतात. तो फवारणीचे पंप दुरुस्त करतो. हात इतका चांगला आहे की लोक शेजारच्या गावांतून पंप घेऊन येतात आणि त्याच्या दारात बसून राहतात.

तो बावीस वर्षांचा असताना त्याला आवाज यायला लागले. देवदूतांचे वगैरे नव्हेत. तू नालायक आहेस, आईच्या जिवावर जगतोस, तुझ्यामुळं तुझा बाप मेला... असं दिवसभर. दोन वर्षांचं पोर भूकंप कसा आणेल, हे त्या आवाजाला कोण समजावणार? निदान झालं, स्किझोफ्रेनिया.

नातेवाइकांना मी हे असं समजावते. आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात दिवसभर बोलणं चालू असतं — दूध उतू गेलं वाटतं, बस चुकली वाटतं. मेंदू त्या बोलण्यावर ‘हे माझंच’ असा शिक्का मारत जातो, म्हणून आपण दचकत नाही. या आजारात तो शिक्का नीट पडत नाही. बोलणं स्वतःचंच असतं, पण परक्याच्या आवाजात ऐकू येतं. गोळीनं तो आवाज आधी लांब जातो आणि पुष्कळांचा पुढं बंद होतो. गोळी लागू पडेपर्यंत आम्ही एक युक्ती शिकवतो. आवाज आला की गुणगुणायचं. जीभ आणि घसा दुसऱ्या कामाला लागला की बऱ्याच जणांचा आवाज बारीक होतो. शमुवेल चर्चमधली गीतं गुणगुणायचा. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू आवाज थांबला आणि पुढची बरीच वर्षं तो चांगला होता. पंप दुरुस्त करत होता, आईला ओरडत होता, क्रिकेट बघत होता. एवढं चांगलं म्हणजे खूप चांगलं, हे ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना कळेल.

ज्वारी-हरभरा निघाला की आमच्या चर्चमध्ये कापणीचा सण असतो. ज्याच्याकडं जे पिकलं ते तो घेऊन येतो. कुणी पायलीभर ज्वारी, कुणी भोपळा, कुणी अंडी, कुणी पाय बांधलेली कोंबडी. सगळं पुढच्या टेबलावर मांडतात, पाळकसाहेब आशीर्वाद मागतात आणि उपासना संपली की त्या वस्तूंचा लिलाव होतो. खरं सांगू, मला हा सण नाताळापेक्षा आवडतो. पण त्या वर्षी मला ड्युटी होती, आणि चर्चनं बाहेरून एक प्रवचनकार बोलावले होते. नाव सांगत नाही. पांढरं जाकीट, हातात माईक, आवाज असा की पत्रे हलावेत.

ते म्हणाले, धान्य तर सगळेच आणतात. आज या टेबलावर ते ठेवा, ज्याच्यावर तुम्ही देवापेक्षा जास्त टेकून आहात. कुणी तंबाखूची पुडी ठेवली, कुणी बिड्या ठेवल्या. इथवर ठीकच होतं. मग त्यांनी पुढं बसलेल्या माझ्या भावाला नाव विचारलं.

‘शमुवेल? अरे, बायबलात तुझ्या नावाच्या मुलाला देवानं स्वतः हाक मारली होती! आणि तू कान बंद करायच्या गोळ्या खातोस?’

म्हणजे कुणीतरी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. शमुवेल उठला, घरी गेला, गोळ्यांची पिशवी घेऊन आला आणि भोपळ्याशेजारी ठेवली. प्रवचनकारांनी त्याच्या हातात माईक दिला आणि तो म्हणाला, प्रभूनं मला बरं केलं. सगळं चर्च हालेलुया करत उभं राहिलं. आईनंसुद्धा टाळ्या वाजवल्या. हे तिनं मला नंतर सांगितलं, पदर तोंडाशी धरून.

लिलावात भोपळा गेला, कोंबडी गेली. गोळ्या तेवढ्या टेबलावर राहिल्या.

मला कळलं तेव्हा चार दिवस झाले होते. मी गावी जाऊन सगळ्यांशी भांडले. पण आमच्यात एक पंचाईत असते, बाहेरच्यांना ती सहज कळायची नाही. चर्चमध्ये उभं राहून ‘प्रभूनं मला बरं केलं’ असं सांगणं याला आम्ही साक्ष म्हणतो. एकदा साक्ष दिली की मग परत गोळी घेणं म्हणजे देवाला सगळ्यांसमोर खोटं पाडणं.

शमुवेल म्हणाला, ‘अक्का, म्या समद्यांपुढं बोललोय. आता कसं घिऊ?’

‘घरात घे. कोण बघतंय?’

‘देव बघतोय की.’

मी संतापून बाहेर पडले. पाळकसाहेबांकडं गेले. म्हातारा, भला माणूस, पण त्या दिवशी माझी नजर चुकवत होते. प्रवचनकारांना फोन केला तर ते गोड आवाजात म्हणाले, सिस्टर, तुमचा विश्वास कमी पडतोय. या माणसाला बीपी आहे! सणाच्या सकाळी पाळकांच्या घरी चहानंतर त्यांनी बीपीची गोळी घेतलेली आईनं स्वतः पाहिली होती. ती गोळी काही त्यांनी भोपळ्याशेजारी ठेवली नाही.

पाच-सहा आठवडे गेले. आधी शमुवेलची झोप गेली, मग पंप तसेच पडून राहायला लागले, मग तो भिंतीकडं बघून मान डोलवायला लागला. मी दर दोन दिवसांनी जात होते, हातापाया पडत होते. दवाखान्यात चल म्हटलं की तो घराबाहेर निघून जायचा. एप्रिल संपताना एक दिवस पहाटे तो घरातून गेला तो आलाच नाही. चपला दाराशी, मोबाईल उशाशी. फक्त बायबल घेऊन गेला होता.

आईचा फोन आला. ‘शमू न्हाय गं घरात. पानी बी पिऊन गेला न्हाय.’

त्या उन्हात अनवाणी, उपाशी, आणि डोक्यात तो आवाज. पोलिसांत कळवलं. दुपारी एका एसटी कंडक्टरनं सांगितलं की पांढऱ्या शर्टातला एक अनवाणी माणूस, हातात पुस्तक, येडशीला उतरला. पोलीस म्हणाले, तोच असणार. मलाही तसंच वाटलं. मी स्कूटी घेऊन येडशीला गेले. बाजारात, हॉटेलांत, रामलिंगाच्या वाटेवर फोटो दाखवत फिरले. रात्र एका ओळखीच्या सिस्टरच्या घरी खुर्चीत बसून काढली. झोप नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, म्हणजे तुम्हाला विचारावं लागायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास मी येडशी स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर होते. गाडीची वेळ नव्हती. नळाखाली तोंड धुतलं, ओढणीनं पुसलं आणि बाकावर बसले. तेव्हा मागून, उजव्या बाजूनं, कुणीतरी म्हणालं —

‘पेवात बघ.’

मी वळून पाहिलं. मागं भिंत होती. भिंतीवर एक माकड होतं, ते माझ्याकडं बघतही नव्हतं.

पेशंटला जे प्रश्न मी रोज विचारते, ते तिथं बसल्या बसल्या स्वतःला विचारले. आतून की बाहेरून? बाहेरून, हातभर अंतरावरून. बाईचा की पुरुषाचा? सांगता येत नाही. ओळखीचा? नाही. रागाचा, धमकीचा? अजिबात नाही, ‘भाजीत मीठ बघ’ म्हणावं इतका साधा. माझ्या भावाला हा आजार आहे, म्हणजे माझ्या रक्तातही तो असू शकतो, हे मला चांगलं माहीत आहे. आत्ता? आज? याच दिवशी?

‘पेवात बघ.’

‘गप बस!’ मी मोठ्यानं ओरडले. लांब झाडू मारणारा माणूस थांबून बघायला लागला. मग मी तेच केलं जे मी शेकडो लोकांना शिकवलंय. गुणगुणायला लागले. लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकलेलं गीत, मान खाली घालून, चांगलं दोन कडव्यांपर्यंत. आणि त्या गुणगुणण्याच्या वरून, जराही बारीक न होता, तिसऱ्यांदा तेच आलं. ‘पेवात बघ.’

त्यानंतर शांत. पुन्हा काही नाही.

पेव हा शब्द मी बहुतेक पेपरमध्येच वाचला होता — अमक्याचं पेव फुटलं, तमक्याचं पेव फुटलं. जमिनीत खणलेलं ज्वारी साठवायचं कोठार म्हणजे पेव, एवढं शाळेत कधीतरी शिकले होते. आमच्या घरात ते असायचा प्रश्नच नव्हता, आमची ज्वारी पिंपाच्या तळापुरतीच असायची. मी आईला फोन लावला.

‘आई, आपल्या जुन्या गावात पेव कुणाकडं होतं?’

‘प्येव? शमू घावला का आधी ते सांग!’

‘आई, पेव कुणाकडं होतं?’

‘आता काय सांगू... मोठ्या घरात असायचं म्हनं. शिवलिंगाप्पाकडं असंल तर असंल. त्येंच्या दारातनं आत म्या कधी गेले न्हाय.’

शिवलिंगाप्पा म्हणजे आमच्या गावचे मोठे शेतकरी, लिंगायत, आता ऐंशीच्या घरात. जुन्या गावात त्यांच्या अंगणात आमच्या लोकांना पाय ठेवता येत नसे. मी त्यांना फोन करून काय सांगणार होते? पोलीस, कंडक्टर, सगळे येडशी म्हणतायत आणि मी ऐंशीएक किलोमीटर लांबच्या म्हाताऱ्याला पडक्या गावात पाठवणार, कशाच्या जोरावर? वीस मिनिटं मी फोन हातात धरून बसले. ती वीस मिनिटं मला अजून टोचतात. मग लावलाच.

‘काका, तुमच्या जुन्या घरात पेव होतं का?’

पलीकडं खाट करकरली, काका उठून बसले असावेत. मग म्हणाले, ‘पोरी, तुला कुनी सांगितलं?’

‘काका, तिथं जाऊन बघा. आत्ता. शमुवेल असेल तिथं. पाया पडते तुमच्या.’

म्हातारा उलट एक शब्द बोलला नाही. मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसून निघाला. फोन चालूच ठेवला होता. मला गाडीचा आवाज येत होता, मग दगडांवरून चालल्याचा, मग त्यांचा दम.

‘येडी बाभळ लई माजलीय हितं... थांब... आरं, ह्यो झाकनाचा दगड कुनी सरकवला?’

मग दगड घासल्याचा आवाज. प्लॅटफॉर्मवर मी उभी राहिले होते ते मला कळलंही नव्हतं.

‘हाय. हाय गं पोरी. हितं हाय.’

‘जिवंत?’

‘डोळं उघडतोय.’

मी खाली बसले. बाकावर नाही, फरशीवर. झाडूवाल्यानं पाणी आणून दिलं.

दगड अर्धा सरकलेला होता म्हणून आत हवा होती. शमुवेल तळाच्या मातीत गुडघे पोटाशी घेऊन पडला होता, ओठ फुटलेले, जीभ सुजलेली. सास्तूरच्या दवाखान्यात सलाईन लावलं. संध्याकाळपर्यंत राहिला असता तर मूत्रपिंडं गेली असती, असं तिथले डॉक्टर म्हणाले. नंतर त्यानंच सांगितलं, त्याच्या आवाजानं त्याला हुकूम दिला होता की चाळीस दिवस जमिनीखाली राहा, म्हणजे तुझा बाप दगडांखालून मोकळा होईल. फिरता फिरता आदल्या आठवड्यात त्याला ते तोंड सापडलं होतं. गेल्या वर्षी लोकांनी कंपाउंडसाठी तिथले दगड उचलून नेले, तेव्हा ते उघडं पडलं असावं. त्याबद्दल तो कुणाशी बोलला होता का, हे मी त्याला चार वेळा वेगवेगळ्या पद्धतीनं विचारलं. कुणालाही नाही.

आणि येडशीचा तो पांढऱ्या शर्टाचा माणूस? रामलिंगाला अनवाणी निघालेला एक भक्त, हातात पोथी. सापडला नंतर.

दवाखान्याच्या व्हरांड्यात शिवलिंगाप्पा काठी धरून बसले होते. मी विचारलं, काका, त्या पेवाबद्दल कुणाकुणाला माहीत होतं?

‘कुनालाच न्हाय. तू पाळन्यात बी न्हवतीस तवा आमी ते झाकून वर गोठ्याची फरशी घातली. माझ्या पोराला बी आजच कळालं.’ मग काठीकडं बघत म्हणाले, ‘मला ठाऊक. आन् तुझ्या बापाला ठाऊक. ज्वारी काढायला त्योच उतरायचा.’

‘तुमच्या अंगणात? माझे वडील?’ मी विचारलं.

‘घरात घेत न्हवतो. प्येवात उतरवत हुतो,’ ते म्हणाले आणि मान खाली घातली.

मला बोलायला पुष्कळ होतं. पण त्याच दुपारी त्यांनी माझा भाऊ वर काढला होता, म्हणून गप्प बसले.

आता तुमच्या कमेंट मीच लिहिते, तुमचा वेळ वाचेल. आमच्या डॉक्टरांना मी स्वतः सांगितलं की मला पेशंट म्हणून तपासा. ते चांगले आहेत, देव वगैरे मानत नाहीत, माझी मात्र कधी टिंगल करत नाहीत. ईईजी झाला, एमआरआय झाला, रक्त झालं. थायरॉइडसुद्धा. सगळं स्वच्छ.

‘सिस्टर, दीड दिवस झोप नाही, त्यात तो ताण. एखादा आवाज कुणालाही ऐकू येतो. हे तुम्हीच लोकांना सांगता,’ ते म्हणाले.

‘ऐकू येणं मला समजतं, सर. बरोबर ऐकू येणं समजत नाही.’

‘वडिलांनी घरी कधी सांगितलं असेल. लहानपणी कानावर पडलेलं मेंदू सहसा टाकून देत नाही.’

हे पटण्यासारखं होतं. मी आईला विचारलं. ती म्हणाली, ‘मला बी सांगितलं न्हाय त्येनी. असलं कोन घरात सांगतंय?’ बरं, समजा सांगितलं असेल, मी विसरले असेन. मग शमुवेल त्यात आहे हे मेंदूला कुणी सांगितलं? सगळे येडशी म्हणत असताना? आणि गुणगुणल्यावरही तो आवाज तसाच कसा राहिला? डॉक्टरांनी पेन हातात घेऊन विचार केला आणि निदानाच्या रकान्यात नुसती रेघ मारली.

तो वडिलांचा आवाज होता का, असं मला आईनं विचारलं. वडिलांचा आवाज मला आठवत नाही. दहा वर्षांची होते. ‘होता’ म्हणायचा मोह मला किती झाला ते माझं मला माहीत, रडले मी त्यासाठी. पण ओळखला नाही तर नाही.

खरा पेच पुढं आला. शमुवेल आमच्या वॉर्डात होता, गोळ्या परत सुरू झाल्या होत्या, आवाज लांब जायला लागला होता. आणि आईनं त्याला सगळं सांगून टाकलं.

त्या संध्याकाळी मी गोळी आणि पाणी घेऊन गेले. तो म्हणाला, ‘अक्का, तुला बी आवाज आला म्हनं.’

मी गोळीची वाटी पुढं केली.

‘तुझा खरा आन् माझा खोटा. असं कसं?’

अकरा वर्षं मी लोकांना शिक्क्याची गोष्ट सांगतेय आणि माझ्या स्वतःच्या भावासमोर ती उपयोगाची नव्हती. खोटं बोलणं सोपं होतं. शिवलिंगाप्पांनी सांगितलं म्हणून कळलं, एवढं म्हटलं असतं तर गोळी त्याच्या घशाखाली गेली असती. पण खोटं बोलूनच तर इथवर आलो होतो — बरं न होता ‘बरा झालो’ म्हणून.

‘आला होता,’ मी म्हटलं. ‘कुठून आला, माहीत नाही.’

त्यानं गोळी वाटीत तशीच ठेवली. ‘इचार करतो,’ म्हणाला. त्या दिवशी घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बळजबरी करायची नाही असं डॉक्टरांनी ठरवलं आणि मी हातावर हात ठेवून बसले. माझ्याच तोंडच्या खऱ्या बोलण्यानं तो परत त्या खड्ड्यात जाणार, असं मला वाटत होतं.

तेवढ्यात गावाहून निरोप. प्रवचनकार रविवारी पुन्हा येतायत. सिस्टरला देवाची वाणी ऐकू आली, विज्ञान हरलं, सिस्टरनं साक्ष द्यावी. शमुवेल म्हणाला, मला बी यायचंय. डॉक्टरांनी एका दिवसाची सुटी दिली. मी गोळ्या पर्समध्ये घेतल्या.

चर्च भरलेलं होतं. शिवलिंगाप्पासुद्धा दारात खुर्ची टाकून बसले होते. मी पुढं गेले, माईक घेतला आणि आत्ता तुम्हाला सांगितलं ते सगळं सांगितलं. झोप नव्हती तेही, मी ‘गप बस’ म्हणून ओरडले तेही, ईईजीसुद्धा. तो आवाज देवाचा होता का, मला माहीत नाही. माझ्या गरजेच्या वेळी आला म्हणून मी त्याचे आभार मानते, पण ज्याची खात्री नाही त्यावर प्रभूचं नाव लिहिणार नाही. प्रवचनकार माईक परत घ्यायला पुढं झाले.

‘थांबा,’ मी म्हटलं. ‘एक विचारायचंय. साहेब, तुमची बीपीची गोळी कुठल्या टेबलावर ठेवलीत?’

ते हसले, माईकसाठी हात पुढं केला. आणि मागून आवाज आला, ‘अक्का, मला दे तो माईक.’

शमुवेल उभा राहिला होता. गोळ्यांशिवाय तिसरा दिवस होता त्याचा.

‘म्या हितं खोटी साक्ष दिली हुती,’ तो म्हणाला. ‘आता खरी देतो. अक्काला आवाज एकदा आला. तिनं त्याला गप बस म्हनलं, गानं म्हनलं, तरी त्यो बोलला आन् निघून गेला. मला येतो त्यो दिवसभर बडबडतो. आन् एवढ्याशा गोळीनं गप हुतो.’

त्यानं बोटाच्या टोकावर अंगठा ठेवून गोळी केवढी असते ते दाखवलं.

‘पाच मिलिग्रामच्या गोळीनं ज्याचं तोंड बंद हुतंय, त्यो देव कसला? देवाला मला काय सांगायचं असंल तर त्यो गोळीच्या वरनं सांगंल. त्याला काय अवघड हाय?’

कुणी हालेलुया म्हटलं नाही. मग पाळकसाहेब उठले, वेदीमागच्या कपाटाकडं गेले आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. सणाच्या दिवशी टेबलावर राहिलेली तीच. ‘फेकवल्या नाहीत मला,’ ते पुटपुटले, ‘त्या दिवशीच बोलायला पाहिजे होतं.’ आणि त्यांनी ती शमुवेलच्या हातात दिली.

मी आधी एक्सपायरी बघितली. सवय. अजून वर्षभर होतं.

शमुवेलनं सगळ्यांसमोर गोळी तोंडात टाकली आणि बाटलीतल्या पाण्याबरोबर गिळली. तेव्हा बायकांच्या बाजूनं एकटीच टाळी ऐकू आली. आई होती. ती उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि कुणाच्या बापाचं ऐकून थांबायला तयार नव्हती.

प्रवचनकार जेवायला थांबले नाहीत. शमुवेल पंप दुरुस्त करतोय. रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो, ‘घेतली,’ एवढंच म्हणतो, मी ‘बरं’ म्हणते.

तर हे असं आहे. गोळ्या सोडायला या गोष्टीचा कुणी वापर केला तर त्याची गाठ माझ्याशी आहे. आणि योगायोग म्हणून मला गप्प करायला कुणी आलं, तर त्यानं आधी ते पेव मला समजावून सांगावं, मी मनापासून ऐकेन. माझ्याकडं स्पष्टीकरण नाही. डॉक्टरांच्या कागदावर अजून ती रेघच आहे.

तो आवाज पुन्हा आला नाही. आला तर मी सरळ डॉक्टरांकडं जाईन, ते देतील ती गोळी घेईन, आढेवेढे घेणार नाही. फक्त त्याआधी तो काय म्हणतोय, ते नीट ऐकून घेईन.